डोक्यावरून जाणारी वीज

मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या माळावर उभे राहून पाहा. भातखाचरांवरून, ओढ्यांवरून, डोंगराच्या खांद्यावरून लोखंडी मनोऱ्यांची एखादी तरी रांग गेलेली दिसते. मनोऱ्यांवरच्या जाड तारांतून ठाण्या-मुंबईकडे वीज चाललेली असते. आणि त्याच गावात संध्याकाळी लाइट गेले, की ओट्यावर येऊन बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "वीज आमच्या डोक्यावरून जाते, आणि अंधार मात्र आमच्याच घरात!" शाळेतला एखादा चुणचुणीत मुलगाही गुरुजींना हेच विचारतो, की त्या तारेला एक तार जोडून आपल्या गावात वीज का घेत नाहीत?

श्रोतेहो, प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर चार शब्दांत देता येत नाही. त्यासाठी वीज जिथे तयार होते तिथपासून आपल्या घरातल्या दिव्यापर्यंतची सगळी वाट एकदा चालून यावी लागते. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही वाट समजून घेणे सोपे आहे, कारण तिच्यावरचे पुष्कळसे मोठे टप्पे आपल्याच परिसरात आहेत. ठाकुर्ली, पडघे, कळवा, चोंढे ही नावे आपल्याला परकी नाहीत.

निघण्यापूर्वी विजेचा एक स्वभाव मात्र ध्यानात घेऊ. भात कणगीत भरून ठेवता येते, पाणी धरणात साठवता येते. तारेतल्या विजेची अशी साठवण होत नाही. ज्या क्षणी ती तयार होते त्याच क्षणी ती कोठेतरी खर्च व्हावी लागते. डोंबिवलीत कोणी पंख्याचे बटण दाबले, तर त्या पंख्यापुरती जादा वीज तिकडे शेकडो किलोमीटरवरच्या यंत्राला त्याच क्षणी काढावी लागते. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका स्वभावातून निघतात.

आता वीज तयार कशी होते ते पाहू. जुन्या सायकलींना दिव्यासाठी एक डायनॅमो असे. चाक फिरले की त्याचे टोपण फिरायचे आणि दिवा लागायचा. आत काय असे? एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेतून वीज वाहू लागते. वीजकेंद्रातले प्रचंड जनित्र हे त्याच डायनॅमोचे थोरले भावंड आहे. फरक एवढाच, की ते फिरवायला सायकलस्वाराचे पाय पुरत नाहीत. कोठे उंचावरून कोसळणारे पाणी ते फिरवते, कोठे कोळसा जाळून केलेली वाफ, कोठे गॅस, तर कोठे वारा. तारापूरच्या अणुकेंद्रातदेखील शेवटी वाफच चाक फिरवते. फक्त ती वाफ करणारी उष्णता युरेनियमच्या अणूंतून येते. हे केंद्र १९६९ साली सुरू झाले. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. चाक न फिरवता वीज देणारी एकच गोष्ट आता आपल्या ओळखीची झाली आहे, ती म्हणजे छपरावरची सूर्यपट्टी.

आपल्या भागात विजेचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून त्यांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली पाचशे मीटरांहून अधिक खोल सोडले आणि त्यावर जनित्रे फिरवली. ती वीज सुमारे ७० किलोमीटर तारांतून मुंबईच्या कापडगिरण्यांना पोचली. पाठोपाठ १९२२ साली कर्जतजवळचे भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे उभी राहिली. सह्याद्रीवर पडणारा धो धो पाऊस असा गिरण्यांच्या कामी आला.

त्याच काळात रेल्वेलाही वीज हवीशी झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली. पुढे कल्याणवरून पुणे आणि इगतपुरी या दोन्ही घाटमार्गांवर विजेची इंजिने चालवायचे ठरले, तेव्हा त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्रच बांधले. ते १९२९ साली ठाकुर्लीला सुरू झाले. चोळे पॉवर हाऊस या नावाने जुन्या कल्याण-डोंबिवलीकरांना ते माहीत आहे. जागा ठाकुर्लीचीच का निवडली? कोळसा आणायला दारातच लोहमार्ग, वाफेसाठी आणि यंत्रे थंड करायला उल्हासच्या खाडीकाठचे पाणी, आणि वीज खर्चणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर धावणाऱ्या. तिन्ही गोष्टी एका जागी मिळाल्या. हे केंद्र सुमारे सहा दशके चालले आणि १९८०च्या दशकात बंद झाले. आज त्याच मार्गावरच्या गाड्या राज्याच्या वीजजाळ्यातून वीज घेतात.

ठाकुर्लीचे केंद्र बंद झाले ते नुसते म्हातारपणामुळे, असे समजू नये. मधल्या काळात वीज करण्याची सगळी पद्धतच पालटली होती. पूर्वी जिथे वीज हवी तिथे केंद्र बांधीत आणि कोळसा तिथवर वाहून आणीत. पुढे केंद्रे मोठी झाली, आणि हिशेब केला तेव्हा दिसले, की कोळसा वाहून आणण्यापेक्षा खाणीजवळच तो जाळावा आणि वीज तारेने आणावी हे अधिक सोयीचे. आपल्या राज्यातला कोळसा आहे विदर्भात. म्हणून चंद्रपूरचे मोठे औष्णिक केंद्र तिथे उभे राहिले. त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे.

शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा असा एक हिशेब सांगतो. कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. १५०० मेगावॅट वीज एक तास काढली, की १५ लाख युनिटे होतात. म्हणजे तासाला जवळजवळ हजार टन कोळसा जळाला. कोळशाच्या एका मालगाडीत सुमारे चार हजार टन माल मावतो. तेव्हा एवढी वीज ठाण्याजवळ करायची म्हटली, तर दर चार तासांनी एक, म्हणजे दिवसाला सहा भरलेल्या मालगाड्या विदर्भातून कसारा घाट उतरवून आणाव्या लागतील. शिवाय तितकी राख टाकायला जागा पाहिजे, ती निराळीच. त्यापेक्षा तारा टाकलेल्या बऱ्या, नाही का?

पण तारेलाही खर्च लागतो. वीज तारेतून वाहताना तार तापते आणि त्या उष्णतेत काही वीज वाया जाते. ही गळती कमी कशी करावी? इथे विजेचा दाब आणि विजेचा प्रवाह यांतला फरक कळला पाहिजे. दाब मोजतात व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. आता दहा लाख वॅट, म्हणजे एक मेगावॅट, शक्ती पाठवायची आहे असे धरा. आकडेमोड सोपी राहावी म्हणून तीन फेजचा हिशेब बाजूला ठेवू. दाब ४०० व्होल्ट असेल तर प्रवाह लागेल २५०० अँपिअर. दाब चार लाख व्होल्ट केला, तर तीच शक्ती अवघ्या अडीच अँपिअरमध्ये जाते. प्रवाह हजारपटीने कमी झाला. आणि तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून त्याच तारेतली गळती दहा लाखपटीने कमी झाली!

लांबचा प्रवास करणारी वीज इतक्या जबर दाबाने का पाठवतात, ते यावरून उमगेल. दाब चढवण्याचे आणि उतरवण्याचे काम करते रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लोखंडाच्या एका गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. एकात वेढे कमी, दुसऱ्यात जास्त. वेढ्यांच्या प्रमाणात दाब चढतो किंवा उतरतो.

आता मुलाचा प्रश्न पुन्हा घेऊ. त्या थोरल्या तारेला एक तार जोडून गावात वीज का घेत नाहीत? घरातला दिवा २३० व्होल्टचा, आणि डोक्यावरची तार ४ लाख व्होल्टची. ती वीज थेट घरात आणली तर दिवा, मीटर, भिंत आणि माणूस, काहीच शिल्लक राहणार नाही. बरे, गावापुरता एक ट्रान्सफॉर्मर तिथेच बसवावा म्हटले, तर एवढा दाब उतरवणारे यंत्र, त्याची बटणे, त्याची राखण हा सगळा पसारा काही एकरांत पसरतो आणि त्याचा खर्च कोटींच्या घरात जातो. पसाभर दाणे दळायला कोणी गिरणी घालीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

रेल्वेचे उदाहरण इथे चांगले लागू पडते. कसाऱ्याकडून येणारी मेल गाडी खडवली, टिटवाळा, आंबिवली ही स्टेशने धडधडत मागे टाकते आणि कल्याणला थांबते. आंबिवलीच्या माणसाला तिच्यातून यायचे असेल, तर त्याने कल्याणला उतरून लोकल धरायची. विजेचेही तसेच आहे. ४०० के.व्ही.ची वाहिनी ही मेल गाडी. के.व्ही. म्हणजे हजार व्होल्ट. ही वीज मोठ्या उपकेंद्रावर उतरते. तिथून २२० किंवा १०० के.व्ही.च्या वाहिन्यांनी पुढच्या उपकेंद्रांवर जाते. तिथे दाब २२ के.व्ही.पर्यंत खाली येतो. आपल्या ठाणे-कल्याण भागात रस्त्याकडेने जाणाऱ्या वाहिन्या बहुतेक २२ के.व्ही.च्या असतात, राज्यात इतरत्र ११ आणि ३३ के.व्ही. अधिक आढळतात. या वाहिनीवरून ती गावातल्या किंवा गल्लीतल्या डीपीवर येते, तिथे ४०० व्होल्टपर्यंत उतरते, आणि मग खांबावरून घरात येताना एका फेजला २३० व्होल्ट राहतात. इतक्या पायऱ्या उतरल्याशिवाय ती आपल्या उपयोगाची होत नाही.

शिक्षक मंडळींनी मुलांना एक खेळ शिकवावा. दुरूनच मनोऱ्याकडे पाहायचे. तार थेट लोखंडाला बांधलेली नसते. मधे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशांची माळ लोंबत असते. वीज लोखंडात उतरू नये म्हणून ती माळ. दाब जितका जास्त तितकी माळ लांब. सात-आठ बशा असतील तर वाहिनी साधारण ११० के.व्ही.ची, तेरा-चौदा असतील तर २२० ची, आणि तेवीस-चोवीस असतील तर ४०० ची. नव्या वाहिन्यांवर बशांऐवजी रबरासारख्या पदार्थाची एकसंध कांडी असते, तिथे हा खेळ चालत नाही. आणखी एक खूण सांगतो. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा किंवा तारांचे जुडगे दिसतात, ते तीन फेजांचे. पण पडघ्याच्या बाजूला एक वाहिनी अशी आहे, की तिच्या मनोऱ्याला दोनच हात आणि प्रत्येक हातावर एकच जुडगे.

ही वाहिनी चंद्रपूरहून आली आहे. तिची लांबी सुमारे ७५० किलोमीटर. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी, उलटसुलट वाहणारी असते. तिला प्रत्यावर्ती वीज म्हणतात. फार लांबच्या वाटेवर या उलटसुलट वाहण्यातच वाहिनीची बरीच ताकद खर्ची पडते. म्हणून चंद्रपूरला ती वीज एकाच दिशेने वाहणारी करतात, दोन तारांवरून आणतात, आणि भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला पुन्हा उलटसुलट वाहणारी करून जाळ्यात सोडतात. एका तारेवर अधिक ५०० के.व्ही. आणि दुसरीवर उणे ५०० के.व्ही., म्हणजे दोन्हींमध्ये दहा लाख व्होल्टचा फरक! १५०० मेगावॅट वाहून आणण्याची तिची क्षमता आहे. मघाशी ज्या सहा मालगाड्या मोजल्या, त्या रोज या दोन तारांवरून येतात म्हणा ना. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही वाहिनी सुरू झाली आणि पडघे हे नाव राज्याच्या वीजनकाशावर ठळक झाले.

आता विजेच्या त्या स्वभावाकडे वळू. साठवण नाही, म्हणून जेवढा खर्च तेवढीच निर्मिती हा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. तो राखतो कोण? राज्यापुरते हे काम ठाणे-बेलापूर रस्त्यावर, ऐरोलीला कळवा उपकेंद्राजवळ असलेले राज्य भार प्रेषण केंद्र करते. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. कोणत्या तुकड्यात किती वीज लागेल, ती कोणत्या केंद्राने द्यायची, हे आदल्या दिवशीच आखतात आणि प्रत्यक्षात जसजसा फरक पडेल तसतसे फेरफार करतात.

मेळ बिघडला हे कळते कशावरून? घरातले जाते आठवा. जात्यात मूठभर दाणे जास्त पडले, की खुंटा जड लागतो आणि जाते मंदावते. दाणे संपत आले, की ते हलके होऊन भरभर फिरते. जनित्राचे तसेच आहे. भार वाढला की ते मंदावते, कमी झाला की वेग घेते. कोळशाच्या केंद्रातली जनित्रे मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. म्हणून विजेची आवर्तनेही सेकंदाला ५०. ही आवर्तने ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान राहावीत असा दंडक आहे. पाहा, किती अरुंद पायवाट आहे! आवर्तने फारच खाली गेली, तर यंत्रे मोडू नयेत म्हणून काही भागांची वीज आपोआप तोडणारी साधने बसवलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून सगळ्या देशाचे मिळून एकच मोठे जाते फिरते आहे.

असे जोडून घेण्याचा फायदा मोठा. एक केंद्र बंद पडले तर बाकीचे हात लावतात. पावसाळ्यात पाण्याची, दुपारी सूर्याची, रात्री कोळशाची वीज एकमेकांची उणीव भरून काढते. पण एकत्र कुटुंबात जसे एकाचे दुखणे सगळ्यांना जागवते, तसे इथेही होते. आपल्या भागाने हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवले.

तो सोमवार होता. करोनाच्या साथीचे दिवस. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागांत बहुतेक ठिकाणी एकदम वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. रुग्णालयांनी आपापली डिझेलची जनित्रे सुरू केली. उंच इमारतींतल्या लिफ्ट थांबल्या. झाले होते काय? कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० के.व्ही. व्यवस्थेत दोन सर्किटे होती. त्यांतले एक देखभाल-दुरुस्तीसाठी बंद होते आणि सगळा भार दुसऱ्यावर होता. त्या दुसऱ्यात अचानक बिघाड झाला, असे राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी सांगितले. उरलेल्या वाटांना तो भार पेलला नाही आणि एकामागून एक वाटा बंद होत गेल्या. असा प्रसंग आला, तर मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून सुटून आपल्या हद्दीतल्या केंद्रांवर तग धरावा, पाण्यातल्या बेटासारखे वेगळे राहावे, अशी योजना पूर्वीपासून होती. त्या दिवशी ते बेटही तरले नाही. रेल्वे दुपारी चालू झाली. काही भागांना मात्र संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी देशात विजेचा तुटवडा नव्हता. चंद्रपूरला कोळसा होता, कोयनेला पाणी होते. तुटली ती वाट. दारात पीक भरपूर आहे आणि नदीवरचा एकुलता एक साकव वाहून गेला, तर बाजारात धान्य कसे पोचायचे? म्हणून वीज अभियंत्यांचा नियमच आहे, की कोणतीही एक वाहिनी किंवा एक ट्रान्सफॉर्मर अचानक गेला तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. दुरुस्तीसाठी एक वाट बंद ठेवताना दुसरी गेली तर काय, हा विचार आधी करून ठेवायचा असतो. मुंबईकडे जाणारी एक वाट पुढे वाढली. खारघर ते विक्रोळी ही ४०० के.व्ही.ची वाहिनी २०२३ साली सुरू झाली.

वाटा वाढवण्याबरोबर दुसरा उपायही आहे. तारेत वीज साठत नाही हे खरे, पण तिच्या बळावर पाणी तर वर चढवता येते! हा प्रयोग शहापूर तालुक्यातच पाहायला मिळतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात घाटघरला एक धरण आहे आणि कड्याखाली, शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरे. विजेची मागणी चढली, की वरचे पाणी खाली सोडून वीज करतात. मागणी उतरली, की जाळ्यातली शिलकी वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवतात. १२५ मेगावॅटचे दोन संच, असे हे २५० मेगावॅटचे केंद्र २००८ साली पुरे झाले. अशा केंद्रांत पाणी चढवायला चार युनिटे खर्चली, तर परत साधारण तीन मिळतात. एक युनिट तोट्याचे दिसते. पण ऐन संध्याकाळी, सूर्याची वीज मावळते आणि घरोघरी दिवे, पंखे, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात, त्या वेळी मिळालेली तीन युनिटे मोलाची असतात.

इथवर झाली थोरल्या वाटेची गोष्ट. पण गावातले लाइट जातात ते बहुतेक वेळा पडघ्याला किंवा कळव्याला काही झाले म्हणून नव्हे. बिघाड असतो शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत. वाऱ्याने फांदी तारेवर पडते. पावसात चिनी मातीचा खुंट फुटतो. जंपर तुटतो. डीपीवरचा फ्यूज जातो. १०० के.व्ही.ए.च्या डीपीला एका फेजवर सुमारे १४० अँपिअर पेलतात. पाच हॉर्सपॉवरचे वीसएक पंप एकदम चालले, की ती भरली. त्यावर कोणी आकडे टाकून चोरटी वीज घेतली किंवा सगळ्यांनी एकाच फेजवर जोडण्या घेतल्या, तर ती तापते, तिच्यातले तेल करपते आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस सगळे गाव अंधारात. आकडा टाकणारा सरकारची वीज चोरतो असे त्याला वाटते. खरे तर तो शेजाऱ्याचा दिवा विझवीत असतो.

लाइट गेल्यावर तक्रार करण्यापूर्वी एवढे पाहावे. फक्त आपल्याच घरी नाहीत का? मग बिघाड आपल्या मीटरपाशी किंवा घरातल्या जोडणीत. काही घरी आहेत, काही घरी नाहीत? मग डीपीवरचा एखादा फेज गेला. साऱ्या गावात नाहीत? मग २२ के.व्ही.ची वाहिनी किंवा उपकेंद्र. दिवे एकाएकी फार झगझगीत झाले किंवा काही घरी मंद आणि काही घरी प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटलेला असण्याचा संभव मोठा. तेव्हा मेन स्विच ताबडतोब बंद करावा. असे नेमके सांगितले, की वायरमनचा अर्धा शोध वाचतो.

तक्रार कोणाकडे करायची, तेही सांगतो. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीज करणे, वाहणे आणि वाटणे ही तिन्ही कामे तेच करी. ६ जून २००५ पासून ही कामे वेगळी झाली. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती थोरल्या वाहिन्यांनी वाहते आणि महावितरण ती घरोघर वाटते. भिवंडीत २००७ पासून आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून हे वाटपाचे काम महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर ही कंपनी पाहते. तेव्हा मनोऱ्याचा पाय शेतात आला, तर बोलायचे ते महापारेषण किंवा त्या वाहिनीच्या मालक कंपनीशी. घरचे लाइट गेले, तर महावितरणशी किंवा टोरंटशी. महावितरणसाठी १९१२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

मनोऱ्याच्या शेतकऱ्याचे म्हणणेही सांगायलाच हवे. ४०० के.व्ही.च्या वाहिनीखाली जवळजवळ पन्नास मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. तिथे घर बांधता येत नाही, आंबा-सागासारखे उंच झाड लावता येत नाही. शहराच्या उजेडासाठी हा शेतकरी आपल्या जमिनीवरचा हक्क काही अंशी सोडतो. त्याची रास्त भरपाई त्याला वेळेवर मिळाली पाहिजे. थोरल्या तारेतून वीज त्याला देता येत नाही, हे शास्त्र झाले. पण त्याच्या गावाला येणारी २२ के.व्ही.ची वाहिनी धड असावी, डीपी पुरेशी असावी, जळलेली डीपी लवकर बदलावी, हे शास्त्राच्या आड येत नाही. तारांकडे बोट दाखवून नुसते हळहळण्यापेक्षा ग्रामसभेत हे मागणे नेमक्या शब्दांत मांडावे. आमच्या डीपीवर जोडण्या किती, तिची ताकद किती, आमच्या वाहिनीला दुसरी बाजू जोडलेली आहे की नाही, असे विचारावे. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मागता येते.

शेवटी जिवाची गोष्ट. पावसाळ्यात तार तुटून खाचरात पडली, तर ती मेलेली आहे असे कधीही धरू नये. तिच्याजवळ जाऊ नये, गुरांना जाऊ देऊ नये, आणि वीज बंद केल्याचा निरोप कार्यालयाकडून येईपर्यंत कोणीतरी लांब उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवावे. माणूस चिकटला असेल, तर आधी वीज बंद करावी. धावत जाऊन त्याला हात लावणारा दुसरा बळी ठरतो. खांबाला आणि त्याच्या ताणाला गुरे बांधू नयेत, कपडे वाळत घालू नयेत. संक्रांतीला पतंग तारांपासून दूर मोकळ्या माळावर उडवावा. डीपीचा फ्यूज स्वतः घालण्याचे धाडस, कितीही घाई असली, तरी करू नये. घराचे अर्थिंग दर उन्हाळ्यात तपासून घ्यावे. शिक्षकांनी हे पाच-सहा नियम फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले आणि मुलांनी ते घरी सांगितले, तर या पावसाळ्यात एखाद्या घरचा कर्ता माणूस त्यामुळे वाचेल.